कागदावरची नाडी

दि. ३ मार्च

नात्याने वंदनीय विहीणबाईंना कोपरापासून नमस्कार.

हे पत्र मला तुमच्या कार्यालयातल्या कारकुनाने लिहायला लावलं. काल त्याला म्हटलं, परवाच्या परीक्षेबद्दल तक्रार आहे. तो म्हणाला, "तोंडी तक्रार घेत नाही, मॅडमच्या नावे लेखी द्या." म्हटलं, अहो, मॅडम माझ्या विहीणबाई, माझ्या मुलीच्या सासूबाई. तो म्हणाला, "मग तर लेखीच द्या." तुमच्या हाताखाली इतकी वर्षं टिकलेला माणूस, त्याचं ऐकलेलं बरं.

तुमच्या इमर्जन्सी विभागात शिकणाऱ्या बारा डॉक्टरांची परवा अंतिम परीक्षा झाली. तिच्यासाठी ठरवलेला खोटा रोगी खरोखरच आजारी पडला आणि तुम्हाला माझी आठवण झाली. "तुझ्या बाबांना नाटकाची हौस आहे ना, येऊ दे त्यांना," असा निरोप मुलीकरवी आला. लग्नाला पाच वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्ही माझ्या एखाद्या गुणाची दखल घेतलीत ती ही पहिलीच, म्हणून धावत आलो. भूमिका सोपी होती. मधुमेहाचा रोगी, सकाळी गोळी घेतली, खायचं विसरला, साखर उतरली, घेरी येऊन पडला. कपाळावर पाण्याचा फवारा मारून घाम आणायचा, उत्तरं तुटक द्यायची. आठ मिनिटांनी घंटा, पुढचा डॉक्टर आत. बारा वेळा मरणपंथाला लागायचं आणि बारा वेळा परतायचं. अठ्ठावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवणाऱ्याला हे काही नवं नाही.

आता गंमत ऐका. येणारा प्रत्येक जण माझं मनगट धरी आणि धरता धरता मान तुमच्याकडे वळवी. तुम्ही पाच हातांवर खुर्चीत, मांडीवर गुणतक्ता. तुम्ही वाचून दाखवायचं, "नाडी अठ्ठ्याऐंशी, नियमित," की लगेच मनगट खाली. चालत्या बसमध्ये दांडा धरतात तसा अकरा जणांनी माझा हात धरला. दांड्याची विचारपूस कोण करतो?

नवव्या क्रमांकाच्या मुलीने मात्र धरला तो सोडलाच नाही. तुम्ही म्हणालात, "अठ्ठ्याऐंशी." ती म्हणाली, "मॅडम, अडतीस लागतेय." तुम्ही म्हणालात, "अठ्ठ्याऐंशी. पुढे चला." तिने मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या पोटावर ठेवलं आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं. पूर्ण एक मिनिट. मग आणखी एक. मग म्हणाली, "मॅडम, परीक्षा थांबवा. यांचा खराखुरा ईसीजी काढा." तुम्ही मला विचारलंत, "काही होतंय का?" मी म्हणालो, "ठणठणीत आहे, चालू द्या." घंटा झाली. दहावा आत आला.

काल निकाल लागला. अकरा पास, ती नापास. मागच्या वर्षीही नापास होती आणि तिसरी संधी तुमच्याकडे नसते, असं कारकून म्हणाला. म्हणजे तीन वर्षांचं शिक्षण गेलं, मुलगी घरी.

माझं म्हणणं एवढंच. तिचा आकडा चुकला असेल. अडतीस नाडीचा माणूस चार पानी पत्र कुठून लिहील? पण बाराजणांत तिने एकटीने माणूस पाहिला, बाकीच्यांनी तुमचं तोंड पाहिलं. आमच्या शास्त्रात ज्ञानाची साधनं मोजताना प्रत्यक्षाला पहिला मान देतात, दुसऱ्याने सांगितलेल्याला नंतरचा. तुमच्या विभागात पंगत उलटी बसलेली दिसते. शितावरून भाताची परीक्षा करतात हे ठाऊक होतं. शीत शिजलेलं निघालं म्हणून तेच फेकून देतात हे काल कळलं.

निकाल बदलावा ही विनंती. तुम्ही कुणाचं ऐकत नाही असं माझी मुलगी कधीच म्हणत नाही. सासरबद्दल ती काहीच म्हणत नाही, त्यावरून मी समजतो.

आपला,
साखर उतरलेला व्याही


दि. ५ मार्च

श्री. व्याही यांना नमस्कार.

तुमचं पत्र उभ्याने वाचलं. बसायला वेळ मिळाला नाही.

घेरी येऊन पडलेला मधुमेही समोर आला की पहिल्या दोन मिनिटांत साखर बघायची. बघितली नाही तर बाकी सगळं उत्तम केलं तरी नापास. हा नियम माझा आहे. अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे एका बाईला आणलं. तोंड वाकडं, जीभ जड. सगळे पक्षाघात, पक्षाघात करत तिला स्कॅनला घेऊन पळाले. साखर कुणी बघितली नाही. बत्तीस होती, सत्तरच्या वर हवी. बाई जगली. आज ती तिच्या नवऱ्याला "तुम्ही कोण?" म्हणून विचारते. तेव्हा तुमच्या त्या नवव्या क्रमांकाने तुमचा हात हातात घेऊन जी चार मिनिटं घालवली, ती मला तुमच्याइतकी गोड वाटत नाहीत. तिने साखर बघितलीच नाही.

दुसरं. रोगी खोटा असतो म्हणून आकडे आम्ही देतो. खोट्या रोग्याचं सगळं खरं मोजायला लागलं तर तुम्हाला मधुमेहच नाही असं निघेल. मग काय, चहा पाजून घरी पाठवायचं?

तिसरं. तुम्ही नको इतकं नटलात. ओठ पांढरे करा असं मी दिलेल्या कागदावर कुठे होतं? नवव्या वेळी तुम्ही डोळे असे फिरवलेत की माझ्या अंगावर काटा आला. शाळेच्या स्नेहसंमेलनात टाळ्या पडतील. माझ्याकडे परीक्षा बिघडते.

आणि गुणांची दखल म्हणाल, तर ती मी आधीही घेतलेली आहे. मुलांच्या लग्नात मी जेवण अर्धं टाकून गेले, तेव्हा तुम्ही माझ्या रिकाम्या खुर्चीवर चार ओळींचा संस्कृत श्लोक रचून सगळ्यांना हसवलंत. त्याचा अर्थ मला तीन महिन्यांनी कुणीतरी सांगितला. त्या दुपारी बस उलटली होती. सतरा माणसं आली, अकरा परत गेली. ह्या आकड्यांना यमक जुळत असेल तर बघा.

तरीही. निकालावर हरकत घ्यायची मुदत बारा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत आहे. परीक्षेच्या वेळी रोगी खरोखर आजारी होता, असं रोग्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलं तर परीक्षेच्या कक्षांपैकी तुमच्या त्या एका कक्षातले बाराही जणांचे गुण रद्द होतात. बाकीच्या कक्षांत ती मुलगी पास आहे. म्हणजे ती सुटते. तेव्हा शास्त्र, शीत आणि पंगत बाजूला ठेवा आणि एका शब्दात कळवा. त्या सकाळी तुम्हाला खरोखर काही होत होतं का? हो की नाही?

विभागप्रमुख


दि. ७ मार्च

विहीणबाईंना नमस्कार. या वेळी मनगटापासून. कोपर सामानात अडकलं आहे.

मुलं निघेपर्यंत माझ्याकडेच आहेत, म्हणून घरात बांधाबांध चालली आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, तेरा तारखेला माझी मुलगी आणि तुमचा मुलगा निघणार, सोळाला ती नव्या नोकरीवर रुजू होणार. मी खोक्यांवर नावं घालतो आहे. हीच नोकरी दोन वर्षांपूर्वी चालून आली होती. तेव्हा तिची आई अंथरुणाला खिळली, हिने पत्र पाठवून नकार कळवला आणि सात महिने उशाशी बसली. आई गेली. नोकरी आधीच गेली होती. तीच नोकरी दुसऱ्यांदा दार ठोठावते आहे; असं आयुष्यात फार थोड्यांच्या बाबतीत घडतं.

तुम्ही तिला परवा म्हणालात म्हणे, "बाबा एकटे राहणार, उद्या त्यांना काही झालं तर?" माझी ही काळजी तुम्हाला पाच वर्षांत प्रथमच, आणि नेमकी मुलगा दूर निघाल्यावर वाटावी, याला आम्ही काकतालीय न्याय म्हणतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. काळजीबद्दल आभारी आहे. ती अशीच झाकून ठेवावी, नासत नाही.

आता तुमचा प्रश्न. मला काही होत होतं का? नाही. सही खाली आहे. ओठांचं सगळं श्रेय अभिनयाला द्या; हवं तर प्रशस्तिपत्र पाठवा, भिंतीवर जागा आहे.

पण तुमच्याच पत्रातली एक गोष्ट मला काही केल्या पचेना. तुमच्या अंगावर काटा आला म्हणता. तीस वर्षं जी बाई यमाच्या हातातून माणसं हिसकावते, तिला शाळामास्तराचं नाटक पाहून काटा येतो, आणि ती खुर्चीतून उठत नाही? पाच हातांचं अंतर. एक बोट लावायचं. खोटा होतो तर खोटा ठरलो असतो, मुलीचं समाधान झालं असतं, मिनिटाचा प्रश्न होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. तुम्ही कांकण उशाखाली ठेवून आरशाला लेखी खुलासा मागता आहात.

नियमाबाहेर जाऊन त्या मुलीला पास करण्याइतका मोठेपणा तुमच्यापाशी असावा अशी आशा आहे. तिची काय चूक झाली? ती खोट्या माणसाशी खऱ्यासारखी वागली. याच्या उलट चूक करणारे डॉक्टर तुम्ही दर वर्षी पास करता.

आपला,
व्याही


दि. ९ मार्च

श्री. व्याही यांना,

तुमचं "नाही" फाइलला लावलं. निकाल कायम. नियमाबाहेरचा मोठेपणा माझ्यापाशी नाही. असता तर आजवर बऱ्याच जणांनी मागून नेला असता.

काल ती मुलगी माझ्या खोलीत आली. टेबलावर एक चिठोरं ठेवलं. त्यावर तीन आकडे होते. अडतीस, अडतीस, छत्तीस. मी म्हटलं, "फेरतपासणीचा अर्ज असा नसतो."

"अर्ज नाहीये मॅडम. मला नापास ठेवा. पण त्या काकांना बोलवून घ्या."

"त्यांनी सहीनिशी लिहून दिलंय, काही होत नव्हतं म्हणून."

"मलाही तेच म्हणाले. पायऱ्यांवर."

कुठल्या पायऱ्या, हे विचारल्यावर मला कळलं. परीक्षा संपल्यावर तुम्ही मागच्या दाराच्या पायऱ्यांवर बसला होतात. एका हाताने कठडा धरून. ती तुमच्याजवळ आली, म्हणाली, काका, आत्ता चला, दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही तिला म्हणालात, "बाळ, नाटक संपलं. आता पडदा पाडू दे." हा प्रवेश तुमच्या चार पानांत कुठे सापडला नाही मला. कागद संपला होता का?

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं पडलं असतं. जाता जाता म्हणाली, "मॅडम, साखर मी बघायला हवी होती. ती चूक माझीच. पण नाडी चुकलेली नव्हती." तुम्ही माझे कोण लागता हे तिला माहीत नाही. मी सांगितलं नाही. लाज वाटली. कुणाची, ते मला विचारू नका.

मुदत बारा तारखेला पाच वाजता संपते. एकतीसला तिला हॉस्टेलची खोली रिकामी करायची आहे. पुढचं तुम्ही बघा. तुम्ही शास्त्र शिकलेले आहात.

विभागप्रमुख


दि. १४ मार्च, सकाळ

विहीणबाई,

होय.

काल सकाळी साडेनऊला मुलं निघाली. मी फाटकापर्यंत गेलो, हात हलवला, मग फाटकालाच धरून उभा राहिलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुलगी गेल्याचं फार लागलं हो तुम्हाला." लागलं होतं, पण उभा राहिलो होतो ते जमीन हलत होती म्हणून.

जानेवारीपासून हे चाललं आहे. पहिल्यांदा फळ्यापाशी झालं. हातातला खडू कुठे पडला ते कळलं नाही आणि मुलं एकदम लांब गेली, जणू वर्ग मैदानावर भरला आहे. चार-पाच सेकंद. मुलांना सांगितलं, हा विराम होता, त्याचा अभ्यास करा. मग आठवड्यातून एकदा, मग दोनदा. अकरा तारखेला जिन्यात चार पायऱ्या खाली बसूनच उतरलो. जगात असं कितीतरी वयस्क मंडळींचं होतं अशी मनाची समजूत घातली. चोपन्नाव्या वर्षी वयस्क म्हणवून घ्यायला कुणी इतका उत्सुक नसेल.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासूनच अंग हलकं वाटत होतं. पाण्याचा फवारा मी पहिल्या दोघांपुरताच मारला. पुढचा घाम घरचा होता. नवव्या वेळी छत पुढे आलं आणि मागे गेलं. कुणीतरी बोट लावून बसलं होतं, एवढंच शाबूत होतं. ते बोट किती गार होतं ते मी सांगू शकतो. तुम्ही विचारलंत, काही होतंय का. माझ्यापुढे मुलीची खोकी उभी राहिली. मी "हो" म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत ती उघडली गेली असती. ती पुन्हा नकाराचं पत्र लिहायला बसली असती आणि तुम्ही तिला पेन दिलं असतं. देणार नव्हतात म्हणता? मग मी तुमच्यावर अन्याय केला. पण मला तेव्हा पक्कं वाटत होतं, आणि आजही थोडं वाटतं.

म्हणून एका मुलीचा मार्ग मोकळा करायला मी दुसरीचा बंद केला. हे मी नकळत केलं असं लिहिण्याचा मोह झाला, पण तुमच्या फाइलला आणखी एक खोटं कशाला? बारा तारखेला पावणेपाच वाजता मी कपडे करून खुर्चीत बसलो होतो. तुमच्या कार्यालयात चालत सात मिनिटं लागतात. पाचला पाच कमी असताना मुलगी आतून म्हणाली, "बाबा, पट्टी कुठे ठेवलीत, खोकं चिकटवायची?" मी उठून पट्टी दिली. परत येऊन बसलो तर पाच वाजून गेले होते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीच काम मी चिकटपट्टी शोधत केलं.

त्या मुलीसाठी माझा हा होकार आता बिनकामाचा आहे, ठाऊक आहे. तरी घ्या. आणि त्याबरोबर माझा एक प्रश्नही घ्या, कारण दोषी माणसालाही प्रश्न पडतात. मनगट बारा जणांनी धरलं. नाडी बाराही वेळा तीच होती. म्हणजे तुम्ही घडवलेल्या अकरा डॉक्टरांच्या बोटाखाली अडतीस चालली होती आणि कागदावर त्यांनी अठ्ठ्याऐंशी मान्य केली. मी खोटं बोललो म्हणून एक मुलगी बुडाली. ते अकरा कुणामुळे तरले? आणि नववी ओरडून सांगत होती त्यानंतर तुम्ही दहावा, अकरावा, बारावा कसा आत घेतलात?

मुलीला काही कळवू नका. तिला महिनाभर रुळू द्या. मी जवळच्या दवाखान्यात सोमवारी दाखवीन.

व्याही


दि. १४ मार्च, दुपारी सव्वातीन

व्याही,

सोमवार? सोमवारला दोन दिवस आहेत. छत्तीस नाडी घेऊन तुम्ही फाटकाला धरून उभे राहता आणि सोमवार म्हणता. इतकं शिकून इतका मूर्ख माणूस मी कॅज्युअल्टीतही कमी पाहिला, आणि तिथे सगळ्या जातीचे मूर्ख येतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. ते लिहायला मला अकरा दिवस लागले, कारण तुमच्या पहिल्या पत्रातच तो होता.

मला कळलं होतं. नवव्या वेळी तुमच्या ओठांचा रंग गेला तेव्हाच. नट पाहून काटा येत नाही हो. तीस वर्षांत ज्या ज्या वेळी अंगावर असा काटा आला, त्या त्या वेळी मी धावत सुटलेली आहे. त्या दिवशी खुर्चीत बसून राहिले. उठून मनगट धरलं असतं तर त्याच क्षणी उघडं पडलं असतं की आधीच्या आठ जणांनी अडतीस हातात घेऊन अठ्ठ्याऐंशी ऐकली. माझे आठ. मीच त्यांना शिकवलं, परीक्षक सांगेल तो आकडा धरा, वेळ घालवू नका. त्यांनी तंतोतंत ऐकलं. बाहेरून दोन परीक्षक आले होते, पलीकडच्या कक्षांत बसले होते. मी हिशेब केला. हिशेब करायला दोन मिनिटं लागली. तेवढ्यात ती मुलगी मोजत होती.

मग मी तुम्हाला विचारलं, "काही होतंय का?" आवाज आठवा. तो प्रश्न "नाही" ऐकण्यासाठी विचारलेला होता. तुम्ही "ठणठणीत" म्हणालात आणि मला सुटल्यासारखं झालं. दहावा आत घेतला तो त्या सुटकेत.

पुढे "हो की नाही कळवा" लिहिलं, ते तिच्यासाठी नव्हतं आणि तुमच्यासाठी तर नव्हतंच. तुमच्या सहीच्या आड उभं राहता यावं म्हणून. तुम्ही "नाही" लिहिलंत, मी फाइलला लावलं, रात्रीचं जेवण व्यवस्थित जेवले. दुसऱ्या दिवशी ती चिठोरं घेऊन आली. त्यानंतर मात्र नीट जेवलेले नाही.

हरकतीची मुदत संपली, ते खरं. पण रोग्याच्या बाबतीत हयगय झाली तर त्याच्या नोंदीला मुदत नसते. आज अकरा वाजता तुमचं पत्र आलं, साडेअकराला मी अहवाल लिहिला. डोळ्यांदेखत आजारी असलेला माणूस परीक्षकाने तपासला नाही, परीक्षार्थीने सांगूनही तपासला नाही, आणि त्यालाच पुढे तीन वेळा वापरला. परीक्षक म्हणून माझं नाव, खाली माझी सही. त्या कक्षातले बाराही जणांचे गुण रद्द झाले. ती मुलगी पास आहे. अकरांतले चौघे त्याच कक्षाच्या गुणांवर काठावर तरले होते, ते आता नापास. त्यातला एक मघाशी माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलेलंच केलं आम्ही." परीक्षकपद मी सोडलं आहे. विभागप्रमुख राहते का, ते मंगळवारी ठरेल.

तुमच्या मुलीला फोन केला. कळवू नका म्हणालात, म्हणून आधी तोच केला. ती म्हणाली, "बाबांनी मला विचारायचं होतं. मी कदाचित गेलेच असते." ती परत येणार की तिथेच राहणार हे तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही, आणि पेनही दिलं नाही. तुम्ही तिच्यासाठी परस्पर ठरवलंत, मी तुमच्यासाठी; आपण दोघे एकाच माळेचे मणी, ती माळ तिच्या गळ्यात पडली आहे. भांडायचं तर आता तिच्याशी भांडा. ती जिंकेल.

हे पत्र आणणारा आमच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आहे. तो सांगेल तिथे बसा, त्याच्याशी वाद घालू नका. गाडीत ती मुलगी आहे. निकाल तिला मी दुपारी सांगितला. तुम्ही माझे कोण, हेही सांगितलं. त्यावर तिने एकच विचारलं, "मॅडम, कुठल्या मजल्यावर राहतात ते? एकट्याने जिना उतरायला लावू नका त्यांना, मी वर जाते." तेव्हा ती दारात उभी असेल. तिची माफी मागायचा विचार असेल तर वाटेत मागा. आधी तिला काम करू द्या. तुमच्याबद्दलचा एकही आकडा मी तिला दिलेला नाही. ती मोजेल, मी लिहून घेईन.

पेसमेकर बसवावा लागेल असं मला वाटतं. पण मला काय वाटतं याला आज फारशी किंमत नाही.

उत्तर लिहीत बसू नका. चपला घाला.